न उचललेली जाजम

बद्रीनाथ शेठ शेवटचं दीड वर्ष आडतीच्या पडवीत खाटेवर होते. कमरेखालचं अंग गेलं होतं, तोंड मात्र शाबूत होतं. कापसाच्या हंगामात भोकरदनला गाड्या आल्या की शेतकरी आधी बैल सोडत आणि मग शेठच्या खाटेजवळ येऊन टेकत. पाऊस, भाव, कुणाची सोयरीक, कुणाची फारकत, देव आहे का, असला तर त्याचं कोणत्या जातीच्या घरी जेवण होतं, असं काहीही निघे. शेठ उशाला लोड घेऊन भांडत आणि त्या दिवशी त्यांना जेवण जाई.

त्यांच्या पत्नी भंवरीबाई दाराच्या पडद्याआड बसून हे ऐकत. नागौरकडच्या एका खेड्यातून लहानपणीच लग्न होऊन त्या इकडे आल्या होत्या. मराठी त्या पडद्याआडूनच शिकल्या, त्यामुळे ती अगदी गाडीवानाची मराठी होती. मूलबाळ नव्हतं. माझे वडील रखमाजी त्या आडतीत मुनीम होते. पुढची हकिकत मी त्यांच्याकडून आणि पुढे भंवरीबाईंकडून ऐकली. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे मी बाईंचं धरलं आहे, कारण वडील कुठलीही गोष्ट जरा मऊ करूनच सांगत.

१९३४ साली शेठ वारले. आता मौसराची चाल सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्यांच्या समाजात घरचा कर्ता माणूस गेला की ओसरीत जाजम अंथरत. भेटायला येणारा तिच्यावर बसून दुखवटा करी. बाराव्याला जालना-मंठ्यापर्यंतच्या जातभाईंना गोडाचं जेवण द्यायचं, तेच मौसर. पंगती उठल्या की चार पंच जाजमेचे चार कोपरे धरून ती उचलत, आणि समाजाच्या लेखी त्या घराचं सुतक फिटे. मौसर घातलं नाही तर पंच जाजम उचलत नसत. ती पसरलेली असेतो त्या घराशी सोयरीक बंद, सणावाराचं बोलावणं बंद. घरच्यांनी ती आपल्या हातानं उचलायची नाही, ही रीत. या धाकापुढे तोवर एकही घर टिकलं नव्हतं.

दिवस चालू असतानाच मुख्य पंच रामगोपालजी पंगतीचं ठरवायला आले. विधवेनं पंचांशी थेट बोलायचं नसतं, म्हणून धाकटा दीर राधेश्याम मध्ये बसला.

"राधेश्याम, भाभीला विचार. मोतीचूर का साधी बुंदी?"

"कोणतीच न्हाई," पडद्याआडून उत्तर आलं.

राधेश्यामनं मान खाली घातली. रामगोपालजी म्हणाले, "काय म्हणाल्या?"

"त्याला कशाला विचारता काकाजी, मी हितंच बसलेय. लाडू करायचे न्हाईत. ह्यांच्या खाटेजवळ समाजातलं कोण येऊन बसलं, एकाचं नाव घ्या. त्या एकाला मी ताट भरून वाढते."

हे खरं होतं. समाजातली मंडळी येत, दारातूनच 'अब कैसे हैं?' विचारत आणि जात. अर्धांगाच्या माणसाजवळ बसणं त्यांना अशुभ वाटे.

"बाई, रीत आहे. बद्रीनाथचा जीव अडकून राहील."

"ते बोलण्यावर जगले, खाण्यावर न्हाई. शेवटी तर नुसतं दूध जात होतं. मौसराचा खर्चा मी बोलण्यावर करीन."

"बोलण्यावर? बोलायला कधीपासून खर्चा लागायला लागला?" पंच हसले.

"दिव्याला तेल लागतं. चहा लागतो. बाहेरगावचा शहाणा माणूस, शाहीर, कव्वाल आणायचा तर गाडी लागते, बिदागी लागते. ह्यांच्या नावानं बैठक चालवीन. ज्याला बोलायचंय, ऐकायचंय त्यानं यावं."

रामगोपालजी उठले. जोडे घालता घालता म्हणाले, "बराबर आहे. तुमचं चालू द्या. पण आम्ही जाजम उचलणार न्हाई."

"राहू द्या. बसायला कामी येईल."

पंचांचा अंदाज होता की बाई फार तर महिनाभर तग धरतील. एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पसरलेल्या जाजमेवर माणसं बसतात.

मौसरासाठी बाजूला काढलेली रक्कम बाईंनी जालन्याच्या एका पेढीवर ठेवायला लावली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज बैठकीला. वडिलांनी त्याचं वेगळं खातं मांडलं. दर बाजाराच्या दिवशी, गाड्या रिकाम्या झाल्या की, आडतीच्या ओसरीत बैठक बसे. तिचे कायदे बाईंनीच केले होते आणि ते दोनच होते. एक, बाहेरून आलेल्यानं आपलं भाषण किंवा गाणं झाल्यावर लोकांच्या सवालांना बसायचं, तेव्हाच बिदागी मिळेल. दुसरा, दुखवट्याला आलेल्या कुणालाही उठवायचं नाही.

पहिल्या कायद्यानं एका नामांकित कीर्तनकारांची पंचाईत केली. कीर्तन छान झालं. आरती झाली. महाराज शाल सावरून बिदागीची वाट पाहू लागले.

"महाराज, आता सवालाला बसा," पडद्याआडून आवाज आला.

"बाई, आम्ही प्रश्न ऐकत नसतो. आम्ही उपदेश करतो."

पिंपळगावच्या मच्छिंद्रानं हात वर केला होताच. हा तिरसट शेतकरी शेठचा जुना भांडखोर मित्र. "महाराज, तुमी म्हणले बायको म्हंजे माया. मंग तुमचं धोतर कोण धुवून राह्यलं?"

महाराज बिदागी न घेता गेले. पुढच्या वर्षी स्वतःहून आले, सवालाला बसले आणि धोतराचं उत्तरही घेऊन आले. ते उत्तर मच्छिंद्राला पटलं नाही, पण त्यानं महाराजांना आपल्या गाडीतून पोचवलं.

दुसरा कायदा अधिक जड गेला. एकदा महारवाड्यातले धर्मराज आले आणि अंगणात उभं राहून ऐकू लागले. बाईंनी माझ्या वडिलांना सांगितलं, "रखमाजी, त्यांना विचारा, शेठच्या दुखवट्याला आलात का?"

धर्मराज म्हणाले, "शेठ माझ्याशी बोलत होते. दुखवटा तर हायेच."

"मंग जाजमेवर बसा. दुखवटा उभ्यानं करत न्हाईत."

धर्मराज बसले. पाच-सहा जण धोतर झटकून उठले आणि निघाले. बाई पडद्याआडून त्यांना मोठ्यानं म्हणाल्या, "पुढच्या बाजाराला उर्दू शाळेचे मास्तर येऊन राह्यलेत. शायरी म्हणणार, मराठीत उलगडून सांगणार. यायचं असलं तर याच जाजमेवर यायचं. दुसरी जाजम माझ्याकडं न्हाई." त्यांतले दोघे कधीच परतले नाहीत. बाकीचे आले, जरा कडेला बसले, आणि मास्तरांच्या शायरीला वाहवा करता करता मधे सरकले.

या सगळ्याची किंमत घराला पडली. राधेश्यामच्या मुलीची अंबडला ठरत आलेली सोयरीक मोडली. त्याची बायको तारादेवी स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली, "तुम्हाला लोकांच्या गप्पा पाहिजेत, जिजी. माझ्या पोरीला नवरा पाहिजे. तुमची जाजम आमच्या गळ्याला फास झाली."

 दुसऱ्या दिवशी भंवरीबाई राधेश्यामला बोलावून म्हणाल्या, "देवरजी, वेगळे व्हा. आजच्या आज. मधे भिंत घाला आणि पंचांना दाखवून या. जाजम माझ्या बाजूला राहील, तुमच्या बाजूचं सुतक फिटलं." राधेश्याम रडला, पण भिंत घातली. पंचांनी त्याला मोकळं केलं आणि पोरीचं लग्न झालं. त्या लग्नाचं बोलावणं भंवरीबाईंना नव्हतं. वरात त्यांच्याच दारावरून गेली. त्यांनी त्या दिवशीही बैठक ठेवली होती. विषय होता, 'लग्नात पोरीला विचारावं का?' वाजंत्री इतकी जोरात होती की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. बाईंनी वाजंत्री संपेपर्यंत सगळ्यांना थांबवलं आणि मग विषय पुरा करायला लावला.

अशी चार वर्षं गेली. १९३८ मध्ये निजामी संस्थानात चळवळ सुरू झाली तशी पोलिसांची नजर कडक झाली. सभेला आगाऊ परवानगी लागे, हा हुकूम जुनाच होता, पण आता तो भोकरदनच्या अमिनांना कुणीतरी पुन्हा वाचून दाखवला असावा. अमीनसाहेब म्हणजे तिथले फौजदार. वयस्क, पान खाणारे, भांडणाचा कंटाळा असलेले गृहस्थ होते. ते स्वतः आले.

"बाई, ये मजमा कैसा?"

"मय्यतीची बैठक, साहेब."

"किसकी मय्यत?"

"बद्रीनाथ शेठची."

अमिनांनी पानाची पिंक टाकली. "अरे, उनको तो चार साल हो गए!"

"पंचांना विचारा. जाजम त्यांनी उचलायची असते, आम्ही न्हाई. त्यांनी उचलली न्हाई तवर दुखवटा चालूच आहे. धर्माच्या कामात सरकार हात घालत न्हाई, असं म्हणतात."

अमीन पंचांकडे गेले. तिथे काय झालं ते कुणी उघड सांगितलं नाही, पण पंचांची अडचण कुणालाही कळण्यासारखी होती. जाजम तशीच ठेवावी तर सरकारची नाराजी, आणि मौसराशिवाय उचलावी तर उद्या दुसरं कोण मौसर घालणार? शेवटी सरकारचं भय मोठं ठरलं. पुढच्या बाजाराला, बैठक भरलेली असताना, रामगोपालजी तिघा पंचांना घेऊन आले. मागे अमीन उभे.

"उठा सगळे," रामगोपालजी म्हणाले. "जाजम उचलायची आहे."

मच्छिंद्रानं जाजमेवर आणखी ऐसपैस मांडी घातली. "मी न्हाई उठत. मला वहिनीच्या तोंडून ऐकू द्या."

तेव्हा पडदा बाजूला झाला आणि भंवरीबाई ओसरीत आल्या. चार वर्षं ज्यांनी तो आवाज ऐकला होता त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, काळी, जाड भिंगांचा चष्मा. वडील सांगत, आवाजावरून सगळ्यांना वाटे की बाई चांगली उंचीपुरी असणार.

"उठा मच्छिंद्रभाऊ," त्या म्हणाल्या. "उचलू द्या त्यांना. नीट पाहा सगळे. मौसराचा एक लाडू न खाता पंच जाजम उचलून राह्यलेत. उद्या तुमच्या घरी कोणी मेलं आणि कोणी लाडू मागायला आलं तर हे सांगा."

चार पंचांनी चार कोपरे धरले. रामगोपालजींच्या हातातला कोपरा चार वर्षांच्या बसण्यानं इतका विरला होता की फाटून आला. कुणी हसलं नाही. जाजम गेली. खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि भोवती माणसं उभी.

अमीन पुढे झाले. आवाज खाली आणून, अगदी समजुतीनं म्हणाले, "बाई, झालं ना? आता मला त्रास देऊ नका. दर आठवड्याला जमायचंच असेल तर सत्संग म्हणा, भजन म्हणा. मी तसं लिहून घेतो. मग कोणी विचारणार नाही."

वडिलांना वाटलं, सुटलो. त्यांनी बाईंकडे पाहून मानसुद्धा हलवली. कोणीही हो म्हणालं असतं. मच्छिंद्र तर म्हणालाच, "म्हणा भजन, वहिनी. टाळ मी आणतो."

भंवरीबाई म्हणाल्या, "चार वर्षं मी खोटं बोलले न्हाई, साहेब. दुखवटा पंचांनी ठेवला होता, मी सांगितला. आज भजन म्हणले तर ते मी रचलेलं खोटं होईल. ही बैठक आहे. बोलायची बैठक. तसंच लिहा."

"मग परवानगीचा अर्ज द्या."

"न्हाई देणार. आज परवानगी मागितली तर उद्या विषय विचाराल, परवा कोण आलं, कोण काय बोललं ते विचाराल. मंग आमच्याजवळ बोलायला उरलं काय? माणसाला माणसाशी बोलायला अर्ज लागत न्हाई. लिहा तुम्ही. माझं नाव लिहा, भंवरीबाई, बद्रीनाथ शेठची विधवा. बाकी कोणाचं लिहू नका, घर माझं आहे." आणि त्या जमिनीवर बसल्या. लोकांकडे पाहून म्हणाल्या, "मागच्या बाजाराला धर्मराजचा सवाल अर्धा राह्यला होता. बसा. धर्मराज, बोला."

धर्मराज बसले.  मग मच्छिंद्र बसला, आणि त्याच्यामागून एकेक करत बाकीचे. काही निघूनही गेले. कुणाला नोकरी होती, कुणाची पोरं सरकारी शाळेत होती. उर्दू शाळेचे मास्तर जोडे घालून दारापर्यंत गेले, तिथे थांबले, पुन्हा जोडे काढले. धर्मराजांनी घसा साफ केला आणि विचारलं, "पाणी वाहतं असलं तर ते बाटतं का, हा माझा सवाल होता."

अमीन ते ऐकत काही वेळ उभे राहिले. मग लिहून घेतलं आणि गेले.

वर रपट गेल्यावर बाईंना एक वर्षासाठी भोकरदन तालुक्याबाहेर काढल्याचा हुकूम आला. भिंतीपलीकडून राधेश्याम धावत आला. "भाभी, दोन ओळींची माफी लिहा. मी सही घेऊन जातो, अमीन भला माणूस आहे."

"भला आहे म्हणून तर त्याला खोटं द्यायचं न्हाई, देवरजी. तुमच्याकडं एक मागते. गाडी द्या आणि बाजाराच्या दिवशी तुमचं अंगण द्या."

 राधेश्यामच्या पाठीमागे तारादेवी येऊन उभी होती. ती म्हणाली, "पोरीचं लग्न झालंय. आता आमचं काय वाकडं करणार आहेत? अंगण देते, जिजी. पण चहा मी करणार न्हाई. तुमच्या त्या मच्छिंद्राला सांगा, आपली पत्ती घेऊन ये."

बाईंनी अंबड तालुक्यातलं वडीगोद्री निवडलं, कारण मच्छिंद्राची बहीण सोनूबाई तिथे दिली होती. सोनूबाईनं गोठ्याशेजारची खोली दिली. पहिल्या आठवड्यात आख्खं गाव बहाण्यानं डोकावून गेलं. सरकारनं हद्दपार केलेली मारवाडीण कशी दिसते, ते पाहायला.

शेवटी एका म्हाताऱ्यानं धीर करून विचारलं, "बाई, चोरी केल्ती का?"

"न्हाई बाबा."

"मारामारी?"

"न्हाई."

"मंग काढलं कशापायी?"

"सांगते. लांबड आहे. बसा." म्हातारा बसला. मग त्या दाराबाहेरच्या बायकांना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर का उभ्या? आत या. तुम्हाला काय वाटतं तेही सांगायचं आहे, नुसतं ऐकून जायचं न्हाई."

त्या दिवशी सोनूबाईच्या गोठ्यासमोर दिवे लागेपर्यंत भांडण चाललं. निम्मं गाव म्हणालं, बाईनं भजन म्हणायला काय हरकत होती? निम्मं म्हणालं, बरं केलं. मिटलं नाही, म्हणून पुढच्या आठवड्याला पुन्हा बसायचं ठरलं. वडिलांनी खात्यातलं निम्मं व्याज वडीगोद्रीला पाठवायला सुरुवात केली.

वर्ष भरलं तेव्हा राधेश्याम गाडी घेऊन आला. मुदत संपली होती. अमिनांनीच त्याला निरोप दिला होता की बाईंना आता येऊ द्या, आणि येताना फार गाजावाजा करू नका.

भंवरीबाई गोठ्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "देवरजी, बैल सोडा. चहा घ्या. मी आज येत न्हाई."

"पण भाभी, मुदत तर संपली! बिलकुल संपली. कायद्यानं तुम्ही मोकळ्या आहात."

"सरकारनं सांगितलं तेव्हा मी निघाले, आता सरकार म्हणतं म्हणून परत येऊ काय? या लोकांचा वाद चालू आहे. जमिनीत लेकीचा वाटा असावा का न्हाई, यावर तीन आठवडे भांडून राह्यलेत आणि सोनूबाई जिंकत आलीय. तो तुटला की येईन."

राधेश्यामनं कपाळाला हात लावला. "आणि कधी तुटणार तो?"

सोनूबाई आतून चहा घेऊन आली. "बसा भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही पण सांगा. तुमच्या पोरीला काय दिलं?"

राधेश्याम उभ्या उभ्या काहीतरी पुटपुटला. मग त्यानं बैल सोडले आणि येऊन बसला.

तो वाद आणखी दोन महिने चालला.